लक्ष, नजर आणि पाळत
मुलांच्या फोनमधली पालकनियंत्रणे : एका संहितेचे वाचन

मराठीत मुलाकडे लक्ष देणे वेगळे, त्याच्यावर लक्ष ठेवणे वेगळे, नजर ठेवणे त्याहून वेगळे आणि पाळत ठेवणे तर निराळेच. वर्गशिक्षिका पालकांना ‘जरा लक्ष द्या’ म्हणतात तेव्हा त्यात आस्था गृहीत असते. ‘लक्ष ठेवा’ म्हटले की काहीतरी बिघडते आहे अशी शंका शिरते. नजर संशयितावर ठेवली जाते, आणि पाळत त्याला कळू न देता. क्रियापदाकडे पाहिले तर फरक आणखी स्पष्ट होतो. देण्याच्या क्रियेला घेणारा लागतो. ज्याच्याकडे लक्ष दिले जाते त्याला ते जाणवते, तो त्याला प्रतिसाद देतो. ठेवण्याच्या क्रियेला मात्र ठेवणाराच पुरतो.

घराघरांतून शतकानुशतके वापरात असलेली ही श्रेणी गेल्या आठ-नऊ वर्षांत एका पडद्यावर सपाट झाली आहे. गूगलचे ‘फॅमिली लिंक’ २०१७मध्ये आले, ॲपलचे ‘स्क्रीन टाइम’ २०१८मध्ये आयओएस १२ बरोबर आले. मुलाने कोणते ॲप घ्यावे, किती वेळ वापरावे, फोन रात्री कधी बंद व्हावा, मूल आत्ता कुठे आहे, हे सारे आता आईवडिलांच्या फोनवरून ठरवता आणि पाहता येते. या साधनांची चर्चा आपल्याकडे बहुधा सोयीच्या अंगाने होते : कोणते चांगले, कसे चालू करायचे, मुले त्यातून पळवाट कशी काढतात. मला ती वेगळ्या अंगाने करायची आहे. ही साधने म्हणजे मूल आणि पालक यांच्याविषयी कुणीतरी लिहिलेल्या संहिता आहेत. त्यांत पात्रे आहेत, संवाद आहेत, गृहीतके आहेत. कादंबरी वाचावी तशा त्या वाचता येतात, आणि वाचल्या पाहिजेत. कारण आपल्या मुलांचे बालपण सध्या या संहितांच्या आत चालले आहे.

आधीच सांगते, की मी हे तटस्थपणे लिहीत नाही. माझ्या घरातल्या तेरा वर्षांच्या मुलीच्या फोनवर यांतले एक साधन चालू आहे आणि हा लेख लिहून झाल्यावरही ते चालूच राहील. पैसे उकळण्यासाठी अल्पवयीन मुलामुलींची छायाचित्रे मिळवणारी माणसे खरी आहेत, खेळांमधून खिसा रिकामा करणारे सापळे खरे आहेत. तेव्हा नियंत्रण असावे की नसावे, हा माझा प्रश्न नाही. त्या नियंत्रणाची भाषा मुलाला कोण समजते, हा आहे.

*

प्रथम संवाद पाहू. ‘स्क्रीन टाइम’मध्ये ठरवलेला वेळ संपला की मुलाच्या पडद्यावर तशी सूचना येते. मूल आणखी वेळ मागू शकते. ती मागणी पालकाच्या फोनवर पोचते आणि पालकापुढे पर्याय येतात : पंधरा मिनिटे, एक तास, दिवसभर, किंवा नकार. संवाद एवढाच. वेळ का हवा आहे हे मुलाने लिहायला जागा नाही, नकार का दिला हे पालकाने लिहायलाही नाही. मैत्रिणीचे बोलणे अर्धवट राहिले म्हणून हवी असलेली पंधरा मिनिटे आणि खेळाचा पुढचा टप्पा गाठायचा म्हणून हवी असलेली पंधरा मिनिटे यांत ही भाषा फरक करू शकत नाही. स्वयंपाकघराच्या दारात उभे राहून ‘आई, पाच मिनिटं गं’ म्हणणारे मूल निदान कारण सांगते, खोटे कारणही सांगते, आणि त्या खोट्यातूनही आईला काहीतरी कळते. इथे अर्ज आहे आणि मंजुरी आहे. नाते कचेरीचे झाले आहे.

तरीही ही दोन साधने त्यांच्या जातीतली सभ्य म्हटली पाहिजेत. ‘फॅमिली लिंक’ मुलाचे संदेश पालकाला वाचू देत नाही, आणि पालकाला काय दिसते हे मुलालाही पाहता येते. या सभ्य पातळीखाली दुसरी एक बाजारपेठ आहे. तिथली साधने फोनवर स्वतःचे चिन्हही दिसू देत नाहीत आणि मुलाचे सगळे बोलणे पालकाकडे पाठवतात. मराठीत त्याला पाळत हाच शब्द आहे. ‘टीनसेफ’ नावाच्या अशा सेवेचे सर्व्हर २०१८मध्ये कुणालाही उघडता येतील अशा अवस्थेत सापडले. मुलांच्या ॲपल खात्यांचे पासवर्ड त्यात उघड्या अक्षरांत होते. हे ॲप चालण्यासाठी खात्याचे दुहेरी कुलूप बंद ठेवावे लागे. म्हणजे मुलाला परक्यांपासून वाचवण्यासाठी घेतलेल्या साधनानेच परक्यांसाठी दार उघडे ठेवले होते. पुढे २०२१मध्ये अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशनने ‘स्पायफोन’ या कंपनीला पाळतीच्या धंद्यातूनच बाहेर काढले. मुलांवर लक्ष ठेवण्यासाठी म्हणून विकलेली तीच ॲप्स जोडीदाराच्या मागावर राहायलाही वापरता येतात. कुणावर पाळत ठेवायची हे साधन ठरवत नाही, विकत घेणारा ठरवतो.

संहितेच्या अभ्यासात पाठभेदांना महत्त्व असते, आणि या क्षेत्रात एक बोलका पाठभेद उपलब्ध आहे. ऑगस्ट २०२१मध्ये ॲपलने मुलांच्या संदेशांतली नग्न छायाचित्रे फोनमध्येच ओळखून धूसर करण्याची योजना जाहीर केली. पहिल्या पाठात असे होते की तेरा वर्षांखालील मुलाने इशाऱ्यानंतरही ते चित्र उघडले तर पालकांना कळवले जाईल. त्यावर टीका झाली. सगळीच घरे सुरक्षित नसतात. समलिंगी आकर्षण असलेल्या मुलाला अशा सूचनेनंतर घरात मारहाण होऊ शकते, हा टीकेतला एक मुख्य मुद्दा होता. डिसेंबर २०२१मध्ये ही सोय प्रत्यक्ष आली तेव्हा पालकांना कळवण्याचा भाग गळला होता. चित्र धूसर होते, मुलाला इशारा मिळतो, आणि विश्वासातल्या मोठ्या माणसाला निरोप पाठवायचा असेल तर तो मार्ग दाखवला जातो. पाठवायचा की नाही हे मूल ठरवते. दोन पाठांमध्ये चार महिन्यांचे अंतर आहे, पण मुलाची कल्पना पूर्ण बदलली आहे. पहिल्या पाठातले मूल ही बातमी आहे आणि पालक तिचा ग्राहक. दुसऱ्यातले मूल स्वतः बोलू शकते असे धरलेले आहे. पालकनियंत्रणाची भाषा बदलता येते, याचा यापेक्षा चांगला पुरावा माझ्याजवळ नाही.

*

आता या मुलाशेजारी मराठी साहित्यातले मूल ठेवून पाहू.

साने गुरुजींच्या ‘श्यामची आई’मधली आई कडक आहे. पोहायला जायचे टाळून लपून बसलेल्या श्यामला ती शोधून बाहेर काढते आणि मारते. आजच्या बालसंगोपनाच्या पुस्तकात ती नापास होईल. पण तिचे नियंत्रण उघड आहे. शिक्षा कशासाठी हे श्यामला ठाऊक आहे, आणि वळ उठल्यावर रडणारी आईही त्याला दिसते. दुसरा प्रसंग त्याहून प्रसिद्ध. आंघोळीनंतर तळव्यांना माती लागू नये म्हणून हट्ट करणाऱ्या मुलासाठी ती पदर पसरते, आणि पायांना घाण लागू नये म्हणून जपतोस तसा मनालाही जप, असे त्याला बजावते. मनाची राखण ती मुलाकडे सोपवते, हे इथे महत्त्वाचे आहे. मुलाच्या मनात डोकावण्याची सोय असती तर ती तिने वापरली असती का, हा प्रश्न फिजूल आहे. तिच्या शिकवणुकीला अर्थ येतो तो अशी सोय नसल्यामुळे.

प्रकाश नारायण संतांचा लंपन आजीआजोबांकडे वाढतो. आजीचे प्रेम आणि आजीचा दरारा ‘वनवास’पासून चारही पुस्तकांत भरून आहे, त्यामुळे या मुलाकडे कुणाचे लक्ष नाही असे म्हणता येणार नाही. तरीही त्या कथा उभ्या आहेत त्या घर आणि शाळा यांच्यामधल्या वाटांवर. सुमीविषयी त्याला जे वाटते ते त्याला स्वतःलाही नीट उलगडत नाही, मोठ्यांना सांगणे तर दूरच. ते कळण्याचा मान फक्त वाचकाला मिळतो. लंपनचे ठिकाण दर पाच मिनिटांनी आजीच्या हातातल्या पडद्यावर दिसत असते तर या कथांतले काय उरले असते? आजी उरली असती, शाळा उरली असती, पण वाट उरली नसती.

मिलिंद बोकीलांची ‘शाळा’ या संदर्भात सर्वांत अर्थपूर्ण वाटते. नववीतला मुकुंद जोशी आणि त्याचे मित्र एका अर्धवट बांधकामाच्या इमारतीत जमतात. त्यांची भाषा, त्यांची स्वप्ने, शिरोडकरच्या मागे मागे चालण्याचे बेत, सगळे तिथे घडते. कादंबरीचा काळ आणीबाणीचा आहे. शासन सबंध देशावर नजर ठेवून होते तेव्हाही चौदा वर्षांच्या चार मुलांना एक अर्धवट इमारत मिळत होती, हा विरोधाभास मला कादंबरीच्या गाभ्याशी जोडलेला वाटतो. मुले तिथे काही थोर करत नाहीत. बराचसा वेळ वायफळ बोलण्यात जातो. पण मोठ्यांच्या जगाला नावे ठेवायची, त्याची नक्कल करायची आणि हळूहळू स्वतःचे मत तयार करायचे, हे काम त्या वायफळपणातच होते. आजच्या नववीतल्या मुलाची अर्धवट इमारत त्याच्या फोनमध्ये आहे. फरक इतकाच की तिचा मालक जागा आहे, आणि भिंतींना डोळे आहेत.

या तिन्ही उदाहरणांत एक उणीव आहे : ही सगळी मुलगे आहेत. सुमी आणि शिरोडकर आपल्याला बाहेरून दिसतात. त्यांच्या न पाहिल्या गेलेल्या तासांत काय होते ते पुस्तक सांगत नाही, कारण असे तास त्यांच्या वाट्याला फारसे नव्हतेच. मराठीत तरुण मुलींच्या मनातले पहिल्यांदा इतक्या थेटपणे बाहेर आले ते १९३३च्या ‘कळ्यांचे निःश्वास’मध्ये, आणि ते लिहिणाऱ्या बाळूताई खरे यांना त्यासाठी विभावरी शिरूरकर हे नाव पांघरावे लागले. लेखिका कोण, याचा शोध वाचकांनी ज्या उत्साहाने घेतला तो पाहता ते पांघरूण किती गरजेचे होते हे कळते. टोपणनाव हे त्या काळातले खासगीपणाचे साधन होते.

आजची स्थितीही मुलगा-मुलगी असा भेद केल्याशिवाय समजत नाही. १४ ते १८ वयोगटातील ग्रामीण मुलांविषयीच्या ‘असर २०२३’ अहवालात, ज्यांना स्मार्टफोन वापरता येतो अशांपैकी स्वतःचा फोन असलेले मुलगे ४३.७ टक्के आणि मुली १९.८ टक्के आढळल्या. म्हणजे बहुसंख्य मुलींच्या हाती असतो तो भावाचा किंवा वडिलांचा फोन. त्यांच्यासाठी वेगळ्या पालकनियंत्रणाची गरजच नाही. फोन परत करताना काय पुसायचे आणि काय ठेवायचे एवढेच त्यांच्या हाती असते. आपल्याकडे ‘मुलांची सुरक्षितता’ हा शब्द उच्चारला जातो तेव्हा मुलाच्या बाबतीत त्याचा अर्थ अभ्यास असतो आणि मुलीच्या बाबतीत अब्रू. ॲपमध्ये दोघांसाठी बटण एकच आहे.

*

पालकाच्या नजरेची टोकाची कल्पना २०१७च्या अखेरीस प्रसारित झालेल्या ‘ब्लॅक मिरर’ मालिकेतल्या ‘अर्केंजल’ या भागात आहे. जोडी फॉस्टर यांनी दिग्दर्शित केलेल्या या कथेत आई लहानग्या मुलीच्या डोक्यात एक यंत्र बसवून घेते. मुलगी जे पाहते ते आईला हातातल्या पाटीवर दिसते, आणि मुलीला त्रास देईल असे दृश्य तिच्या डोळ्यांपुढे धूसर करता येते. मुलगी मोठी होते, आई पाटी माळ्यावर टाकते, आणि एका रात्री काळजीपोटी पुन्हा काढते. पुढे नको ते दिसते, आई मुलीला न सांगता तिच्या पेयात गर्भनिरोधक गोळी मिसळते, आणि सत्य कळल्यावर मुलगी त्याच पाटीने आईला मारत सुटते.

या भागावर अतिरंजितपणाचा आक्षेप घेता येईल, आणि शेवटची हिंसा मलाही जास्त वाटते. पण तिच्यात एक तपशील असा आहे की त्यासाठी बाकीचे माफ करावे. झटापटीत धूसर करणारे बटण चुकून दाबले जाते. त्यामुळे आपण आईला किती लागेपर्यंत मारतो आहोत हे मुलीला दिसतच नाही. दुःख आणि रक्त पाहण्यापासून जिला लहानपणी वाचवले, तिला दुसऱ्याची जखम ओळखण्याची सवयच लागलेली नाही. नजर ठेवण्याचा तोटा फक्त मुलाच्या स्वातंत्र्याला होतो असे आपण धरून चालतो. कथा म्हणते की तो त्याच्या नीतीलाही होतो.

*

उरली ती कायद्याची संहिता. सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायमूर्तींच्या पीठाने २४ ऑगस्ट २०१७ रोजी खासगीपणा हा मूलभूत अधिकार असल्याचे सांगितले. त्या निकालात न्या. संजय किशन कौल यांनी मुलांचा स्वतंत्र उल्लेख केला आहे : बालपणीच्या अजाण चुकांचे परिणाम माणसाला आयुष्यभर भोगायला लागू नयेत. भारताने १९९२मध्ये स्वीकारलेल्या बालहक्क संहितेचे सोळावे कलमही मुलाच्या खासगी जीवनात मनमानी हस्तक्षेप नको असे सांगते, आणि पाचवे कलम मुलाच्या वाढत्या क्षमतांनुसार मार्गदर्शन बदलत जावे असे.

या पार्श्वभूमीवर डिजिटल वैयक्तिक विदा संरक्षण अधिनियम, २०२३ वाचताना दोन जागी थांबावे लागते. पहिली जागा नवव्या कलमाची. अठरा वर्षांखालील प्रत्येकाला तो मूल मानतो, त्याची विदा वापरण्याआधी पालकांची पडताळता येईल अशी संमती मागतो, आणि मुलांचा माग काढणे, वर्तनावर नजर ठेवणे, त्यांना हेरून जाहिराती दाखवणे यांना मनाई करतो. मनाईचा भाग स्वागतार्ह आहे. पण सहा वर्षांचे मूल आणि बारावीतली विद्यार्थिनी यांना एकाच शब्दात कोंबणे म्हणजे वाढत्या क्षमतांचा विचार सोडून देणे. अमेरिकेच्या १९९८च्या कायद्यात ही मर्यादा तेरा वर्षांची आहे. युरोपात सोळा, आणि देशांना ती तेरापर्यंत खाली आणता येते.

दुसरी जागा व्याख्यांची, आणि ती फारशी वाचली जात नाही. ज्याची विदा आहे ती व्यक्ती म्हणजे कोण, हे सांगताना कायदा म्हणतो की ती व्यक्ती मूल असेल तर तिच्यात आईवडिलांचाही समावेश होतो. व्याकरणाने पाहिले तर मूल आणि पालक हा इथे एकच कर्ता आहे. पालकापासून मुलाचे काही खासगी असू शकते, ही कल्पनाच या वाक्यात मांडता येत नाही. त्यात घरगुती कारणासाठी एखाद्याने केलेला विदेचा वापर कायद्याच्या कक्षेबाहेर आहे, म्हणजे पालकाने मुलाच्या फोनमध्ये काय बसवले याच्याशी कायद्याला कर्तव्य नाही. नोव्हेंबर २०२५मध्ये नियम अधिसूचित झाले, पण त्यांनी ही व्याख्या बदललेली नाही.

हा शब्दच्छल वाटेल, म्हणून एक उदाहरण देते. मुलांसाठीची १०९८ ही हेल्पलाइन १९९६मध्ये मुंबईत टाटा समाजविज्ञान संस्थेच्या एका प्रयोगातून सुरू झाली. बाललैंगिक अत्याचाराच्या बहुसंख्य प्रकरणांत आरोपी मुलाच्या ओळखीचा असतो. कधी तो घरातलाच असतो. अशा घरातल्या मुलीने १०९८ फिरवला आणि तिच्या फोनची नोंद त्याच माणसाच्या पडद्यावर उमटली, तर सुरक्षिततेच्या साधनाने कुणाची सुरक्षितता राखली? संयुक्त राष्ट्रांच्या बालहक्क समितीने २०२१च्या आपल्या भाष्यात नेमका हाच इशारा दिला आहे, की काळजी न घेता वापरलेली देखरेखीची साधने मुलाला हेल्पलाइनपर्यंत पोचण्यापासून रोखू शकतात.

आणि ही किल्ली पालकाच्या हाती देतो कोण? मुलांची माहिती पालकांच्या संमतीविना गोळा केल्याबद्दल २०१९मध्ये गूगल आणि यूट्यूबला अमेरिकेत १७ कोटी डॉलर भरावे लागले. ज्याने मुलाचे लक्ष विकून धंदा उभारला, तोच पालकाला त्या लक्षावरचे कुलूप फुकट देतो. कुलूप लावायची जबाबदारी पालकाची ठरली की मूल त्या दारापर्यंत ओढले कसे गेले, हा प्रश्न मागे पडतो. पडदा खाली सरकवत राहिले की व्हिडिओ संपतच नाहीत, अशी रचना कंपनीने केली. त्यावरून भांडण मात्र रात्री दहाला आई आणि मुलगी यांच्यात होते.

*

समीक्षकाने शेवटी कसोट्या सांगाव्यात अशी अपेक्षा असते. माझ्या तीन आहेत. साधन चालू आहे आणि त्यातून काय दिसते, हे मुलाला माहीत आहे का? नसेल तर ती पाळत आहे, आणि प्रेमाच्या नावाखाली तिचे नाव बदलत नाही. मुलाला त्या साधनातून उलट बोलता येते का? आणि ते साधन मुलाच्या वयाबरोबर सैल होत जाऊन एका ठरलेल्या दिवशी संपते का, की फोनबरोबर कायमचे चिकटते? ‘अर्केंजल’मधली आई तिसऱ्या कसोटीला उतरत नाही, ‘टीनसेफ’ पहिल्या. ॲपलचा दुसरा पाठ मुलाला निवड देतो म्हणून दुसऱ्या कसोटीत बऱ्याच प्रमाणात बसतो. श्यामच्या आईची छडी मला मान्य नाही, तरी तिने मनाची राखण मुलाकडे सोपवली म्हणून ती तिसऱ्या कसोटीत बसते.

अंक वाचकांच्या हाती पडेल तेव्हा शाळांना दिवाळीची सुट्टी असेल आणि फोनच्या वेळेवरून घरोघरी वाद चालू असतील. सुट्टीपुरती मर्यादा बदलायची असेल तर ती मुलाला शेजारी बसवून, सेटिंग्जचा तो पडदा दोघांनी एकत्र वाचून बदलावी. मुलाचे कारण लिहून घ्यायला यंत्रात जागा नाही. ते ऐकून घ्यायला घरात असू शकते.